खिडक्यांचे राखणदार

आमच्या घराला सात खिडक्या आहेत. ही संख्या मी यंदाच्या एप्रिलमध्ये पहिल्यांदा मोजली. घर बांधून सव्वीस वर्षं झाली. चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, खिडक्यांना बाहेरून लोखंडी गज आणि आत उघडणाऱ्या लाकडी झडपा. त्या झडपा कधी उघडायच्या आणि किती उघडायच्या हे माझी बायको बघायची. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचो आणि घरी आलो की वाचत बसायचो. वाऱ्याने पान उलटलं की त्यावर चष्म्याचं घर ठेवायचो. वाऱ्याशी माझा संबंध तेवढाच.

ती फेब्रुवारीत गेली, शिमग्याच्या पंधरा दिवस आधी. चार दिवसांचा ताप, आणि पाचव्या दिवशी मी एकटा घरी परत आलो.

मार्च कसा गेला ते आठवत नाही. एप्रिलमध्ये घर तापलं तेव्हा जाग आल्यासारखं झालं. मी सगळ्या खिडक्या सताड उघडल्या आणि पेपर आणायला नाक्यावर गेलो. परत आलो तर टेबलावर वांदराचं पिल्लू बसलेलं. मोठं वांदर गजांतून येत नाही, पिल्लू येतं. आई बाहेर कुंपणावर बसून त्याच्याकडे बघत होती. त्याने केळी संपवली होती आणि एका जाड शब्दकोशाची पहिली चाळीसेक पानं जमिनीवर पसरली होती. मी टाळ्या वाजवल्या. ते माझ्याकडे बघत राहिलं, मग सावकाश गेलं.

त्याच आठवड्यात मागच्या आळीत कुणीतरी भरदुपारी गजांतून काठी घालून खुंटीवरची पँट ओढून घेतली. खिशात पाकीट आणि मोबाइल होता. घरचे लोक आत पानावर बसलेले. ते ऐकल्यावर मी सगळ्या झडपा लावून घेतल्या.

मग घराची भट्टी झाली. पंखा तीच गरम हवा फिरवत राहायचा. अंगावर घामोळं उठलं. पुस्तकांच्या कपाटाला ओशट वास यायला लागला. एक दिवस दुपारी भाजी परतताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ओट्याला धरून खाली बसलो. गॅस कसा बंद केला ते आठवत नाही. ही गोष्ट मुलीला फोनवर सांगायला नको होती. मी सांगितली.

दोन दिवसांत ती मुंबईहून आली. घरात पाऊल टाकल्या टाकल्या म्हणाली, "बाबा, हे घर आहे की आंब्याची अढी? पिकायला ठेवलंय काय तुम्हाला?"

"उघडलं तर वांदर येतं. चोरही फिरतायत."

"आईच्या वेळी नव्हती वांदरं?"

"होती."

"मग?"

तिच्या वेळी घरात वारा असायचा आणि वांदर नसायचं. हे कसं व्हायचं, सव्वीस वर्षांत मी विचारलं नव्हतं.

मुलीने आपला निर्णय जेवताना सांगितला. झडपा काढून टाकायच्या, सरकत्या काचा बसवायच्या, आणि एसी. एक माणूस सोमवारी माप घ्यायला येईल. ते नको असेल तर मी तिच्याकडे राहायला जायचं.

"लाइट गेली की काचांच्या पेटीत काय करू?"

"मग चला माझ्याबरोबर."

"मला इथंच राहायचंय."

"राहा ना! पण जिवंत राहा," ती म्हणाली आणि पानावरून उठली. मला तिचा राग आला आणि तिचं बरोबर आहे याचाही राग आला. ती शुक्रवारी परत गेली. जाताना म्हणाली, "सोमवारी त्याला दार उघडा म्हणजे झालं."

त्याच संध्याकाळी शेजारच्या काकी वाटीभर सुंगटाचं कालवण घेऊन आल्या. उंबऱ्यातच थबकल्या.

"अगो बाई, केवढी वाफ ही! भावजी, राखणदार नाही बसवलेत?"

"कुठले राखणदार?"

"तिचे हो. लाकडाचे तुकडे. टोपलीत असायचे बघा, खाटेखाली."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं, पहिलीतल्या पोराला सांगावं तसं. प्रत्येक खिडकीसाठी फणसाच्या लाकडाचा एक तुकडा. त्याला दोन तिरक्या खाचा. झडपा थोड्या किलकिल्या करायच्या आणि त्या खाचा दोन्ही झडपांच्या वरच्या कडांवर ठोकून बसवायच्या. मग झडपा मागे जात नाहीत की पुढे येत नाहीत. फटीतून वारा येतो, पिल्लू येत नाही, काठी घातली तरी वळत नाही. थंडीत ती ते काढून ठेवायची आणि शिमगा जवळ आला की स्टूल घेऊन घरभर फिरून बसवायची. त्या वेळी काकींनी विचारलं होतं, हे गो काय? तर म्हणाली होती, "माझे राखणदार. तुमच्या वाडीच्या राखणदाराला नारळ लागतो, माझ्याला काही लागत नाही."

काकी हसल्या, मग डोळे पुसायला लागल्या. मी मात्र त्या टोपलीपाशी अडकलो होतो.

कारण टोपली मला आठवत होती. तिच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. देवरूखकडची तिची माणसं, मुंबईची माझी. सकाळी सगळ्यांच्या आंघोळीसाठी न्हाणीबाहेरची चूल पेटवली होती आणि मेहुण्याने विचारलं होतं, "भावोजी, आणखी लाकडं आहेत?" मी खाटेखाली वाकलो आणि ती टोपली ओढून त्याच्या हातात दिली. तो म्हणालासुद्धा, "खाचा कसल्या ह्यांना?" मी म्हटलं, "काहीतरी असतील तिची लाकडं. घाल."

त्या पाण्याने मीही आंघोळ केली.

स्टूल घेऊन फिरणारी ती मी दर वर्षी पाहिली असणार. मी मांडीवर पुस्तक घेऊन बसलेला असणार आणि ती म्हणाली असणार, जरा स्टूल धरा. बहुतेक मी एका हाताने धरलं असेल. यातलं काही मला आठवत नाही. शिकवलेल्या सगळ्या कविता अजून पाठ आहेत.

शनिवारी सकाळी पाली रस्त्याला दुकान असलेल्या म्हाताऱ्या सुताराकडे गेलो. आमच्या झडपा त्यानेच केल्या होत्या. त्याला सगळं सांगितलं, चुलीचंसुद्धा. त्याने रंधा थांबवला.

"जाळलेत?"

"हो."

"फणसाचे?"

"हो."

"गुरुजी, कापलेले तुकडे माझ्याकडूनच नेल्यानी होते त्यांनी. खाचा स्वतः पाडल्यानी. मी म्हटलं करून देतो, तर म्हणाल्या, खिडक्या मला ठाऊक, तुम्हाला नाहीत." मग रंधा बाजूला ठेवून म्हणाला, "माप काय?"

"तेच ठाऊक नाही."

"मग काय करू मी, कविता लिहू?"

तरी तो आला. माझ्या स्कूटरवर मागे बसून, पिशवीत फणसाचे तुकडे, करवत आणि कानस घेऊन. बैठकीच्या खिडकीशी स्टुलावर चढला आणि झडपेच्या वरच्या कडेवरून बोट फिरवलं. मग खाली उतरून मला वर चढायला लावलं. "लावा हात."

कडेवरचा तेलरंग एका जागी झिजून लाकडात उथळ घळ पडली होती, तिरकी. दुसऱ्या झडपेवर तशीच, उलट्या बाजूने.

"जितकी तिरकी, तितकी झडप उघडी," तो म्हणाला. "आता या घळीवर खाच बसेल असा तुकडा करायचा. सोपं आहे. तुम्हाला दिसलं असतं, वर बघितलं असतंत तर."

पश्चिमेच्या दोन खिडक्यांना सर्वांत मोठी फट निघाली, समुद्राचा वारा तिथून येतो म्हणून. मागच्या बाजूच्या खोल्यांना त्याहून लहान. वारा आत यायला लागतो तसा बाहेर जायलाही लागतो, हे तो सांगत होता. दुपारपर्यंत सहा खिडक्या झाल्या. चारच्या सुमाराला वारा फिरला आणि बैठकीतलं कॅलेंडर भिंतीवर आपटायला लागलं. तो आवाज मला ओळखीचा होता.

सातवी खिडकी स्वयंपाकघरातली. तिच्या झडपा दिवाळीत नव्या केल्या होत्या, जुन्यांना वाळवी लागली म्हणून. जुन्या कुठे आहेत ते विचारू नका, त्याही चुलीतच गेल्या. नव्या झडपांच्या कडा कोऱ्या होत्या. त्यांनी तिचा एकही उन्हाळा पाहिला नव्हता.

"हिचं माप गेलं," सुतार म्हणाला. एक कोरा तुकडा आणि जुनी कानस माझ्यासाठी ठेवून गेला.

रविवारी मुलीचा फोन आला. सहा खिडक्यांचं सांगितलं. माणसाला पाठवू नको म्हटलं.

"आणि स्वयंपाकघर? चक्कर तिथंच आली होती ना?"

"करतोय."

"बाबा, पाऊस सुरू व्हायच्या आत ती खिडकी झाली नाही तर मी माणूस घेऊन स्वतः येणार."

"ये."

त्यानंतर आठ दिवस मी रोज दुपारी तेच करतोय. आधी चार बोटं फट ठेवली. पिल्लाने हात घालून मिठाची बरणी पाडली. मग दोन बोटं ठेवली. डाळ शिजेपर्यंत बनियन भिजून गेली. मग कळलं की माझी बोटं तिच्या बोटांपेक्षा जाड आहेत आणि ती कशाने मोजायची तेही मला ठाऊक नाही. कानशीने खाच थोडी रुंद करायची, तिरपी करायची, स्टुलावर चढायचं, ठोकायचं, उतरायचं. स्टूल धरायला कुणी नाही.

आज तिच्या फोटोपुढची पेटती उदबत्ती उचलली आणि गॅसपाशी धरली. बैठकीत वाऱ्याने उदबत्तीचा धूर आडवा पळतो. इथे तो सरळ वर गेला, कौलांपर्यंत. मी उदबत्ती परत जागेवर लावली, स्टुलावर चढून तुकडा काढला आणि कानस घेऊन खाली बसलो.