पाचवा लाल दोरा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे घूंकर म्हणत. जणू घूं नावाचं कुठे गावच होतं आणि हा तिथला मूळचा रहिवासी. नाव मात्र त्याने स्वतःच्या कानांनी कमावलेलं. कुणाच्याही दारात पाऊल ठेवलं की चप्पल काढायच्या आधी तो मान तिरकी करायचा आणि सांगायचा, तुमचा फ्रिज घूं करतोय. नाहीतर, जिन्यातली ट्यूब घूं करतेय, चोक गेलाय तिचा. त्याने सांगेपर्यंत ते घूं कुणाला ऐकू येत नसे, आणि सांगितल्यावर कानातून जात नसे. त्यामुळे त्याला चहाला बोलावणारी माणसं हळूहळू आटली. बायको म्हणायची, "लोकांचे नवरे चार घरी जाऊन ओळखी करून येतात, आमचे झोप उडवून येतात."

हा कान त्याचा घडवला अ‍ॅम्प्लिफायरनी. आठवडाभर लिफ्टच्या विहिरीत ग्रीस आणि धूळ, आणि रविवारी मागच्या खोलीतल्या टेबलावर त्याचं खरं आयुष्य. टपालाने किट यायचं. पुठ्ठ्याच्या खोक्यात एक कोरी हिरवी पट्टी, डाळीच्या दाण्याएवढे रेझिस्टर, औषधाच्या गोळ्यांसारखे कपॅसिटर, आणि एक कागद, ज्यावर कशाला काय जोडायचं ते मुंगीच्या अक्षरात लिहिलेलं. तो एकेक दाणा लावायचा, सोल्डर मारायचा, फुंकर घालायचा. ट्रान्सफॉर्मर जुन्या पॅनेलमधून काढलेला, डबा पत्रेवाल्याकडून वाकवून घेतलेला. मोबाइलमधल्या गाण्याचा चांगला आवाज करून देणारा कन्व्हर्टरही तो घरीच बांधायचा. बाजारात तयार मिळतं की, असं कुणी म्हणालं तर तो त्या माणसाकडे असा बघायचा, की समोरचा आपण काही वाईट बोललो का म्हणून चाचपडायला लागे.

या कामात त्याचा एक नियम होता, आणि तो लिफ्टवरून आलेला. माणूस विहिरीत उतरला की वरच्या स्विचला लाल पाटी लटकते. ज्याने लावली त्यानेच ती काढायची. मालक आला तरी दुसऱ्याने हात लावायचा नाही. तसंच घरी काम काढलं की तो पाच लाल दोरे कापून एका पत्र्याच्या डबीत ठेवायचा. जे तात्पुरतं जोडलं किंवा तात्पुरतं सोडलं, त्याला एक दोरा बांधायचा. पाचही दोरे डबीत परत आल्याशिवाय झाकणाचा स्क्रू फिरवायचा नाही. पंधरा वर्षांत हा नियम एकदाही मोडला नव्हता, असं तो छातीठोकपणे सांगायचा.

त्याच्या डब्यांना नावं ठेवणारा एकच माणूस होता, त्याचे सासरे. त्यांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती. निवृत्त झाले तरी डोळ्यांची खोड गेली नव्हती. दुकानाची पाटी, औषधाची बाटली, लग्नाची पत्रिका, सगळ्यात आधी त्यांना चूक दिसायची आणि मग मजकूर. घूंकरने बांधलेला पहिला डबा पाहून ते म्हणाले होते, बटण केसभर डावीकडे आहे. दुसरा डबा ऐकून म्हणाले, छान, पण घूं येतंय का थोडंसं, की माझेच कान वाजतायत? तो वार जावयाच्या वर्मी बसला होता. तिसरा डबा त्याने खास त्यांच्यासाठी बांधला. तीन आठवड्यांपूर्वी तो त्यांच्या घरी नेऊन लावला, तेव्हा म्हातारा कान लावून दोन गाणी ऐकत बसला, डब्याभोवती एक फेरी मारली, मागे वाकून पाहिलं आणि म्हणाला, "चूक सापडली नाही." त्या दिवशी घूंकर स्कूटरवरून घरी आला तो जमिनीपासून वीतभर वरून.

आज रविवार होता. सव्वादहा वाजले होते. नवीन किट आलं होतं, म्हणून त्याने तीन आठवड्यांनी ती डबी उघडली. आत चार दोरे होते.

त्याने बोटाने डबी उकरली. चारच. टेबलाखाली वाकून पाहिलं, खोकं झटकलं, सोल्डरिंगच्या स्टँडखाली पाहिलं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि दाराला टेकून वडिलांची खबरबात सांगू लागली. काल त्यांच्याशी बोलणं झालं होतं. पायांची सूज जरा उतरलीय. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे रोज अकराच्या ठोक्याला कोमट मिठाच्या पाण्यात अर्धा तास पाय बुडवून बसतात आणि गाणी ऐकतात.

"आणि तुमचा डबा चिमटे काढतो म्हणे," ती हसत म्हणाली. "हात लावला की मुंग्या येतात. बाबा म्हणाले, सांग हो जावयाला."

घूंकरने चहा टेबलावर ठेवला. त्याने विचारलं, ते डबा कुठे ठेवतात. ती म्हणाली, खुर्चीशेजारच्या स्टुलावर, हाताला येईल असा. पाय कशात बुडवतात? घमेल्यात. पत्र्याच्या.

पाचवा दोरा कुठे आहे ते त्याला त्या क्षणी डोळ्यांसमोर दिसलं.

त्या डब्यातलं घूं काही केल्या जात नव्हतं. दोन रविवार त्याने डोकं आपटलं. शेवटी नुसतं बघावं म्हणून त्याने डब्याच्या पत्र्याला जोडलेली अर्थिंगची हिरवी वायर सोडली, तिला दोरा बांधला आणि स्विच दाबला. घूं गायब. विहिरीच्या तळाशी असावी तशी शांतता. या धंद्यातल्या कच्च्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात, की घूं घालवायला अर्थिंग तोडणं म्हणजे उंदीर मारायला घर जाळणं. लिफ्टवाल्याला तर ते झोपेतही ठाऊक. त्याने फक्त पाच मिनिटं ती शांतता ऐकायची म्हणून ऐकली. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला, आज येताय ना? आणि त्याने झाकण लावलं.

बायकोला त्याने दोन वाक्यांत सांगितलं. आतली वीज पत्र्यावर उतरली तर ती जमिनीत घेऊन जाणारी वायर मी सोडलीय. मुंग्या येतात याचा अर्थ ती उतरायला लागलीय, आणि बाबांचे पाय पाण्यात असतात. बाकी तिला सांगावं लागलं नाही. तिने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. म्हातारबुवांचा फोन खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात असायचा. अकरापर्यंत त्यांची आंघोळ-पूजा चाले आणि नंतर पाय ओले असले की ते उठत नसत. खालच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाईंना लावला. त्या उचलून म्हणाल्या, मी लेकाकडे आलेय, काही निरोप आहे का?

घूंकरने हत्यारांची पिशवी उचलली. स्कूटर सुरू झाली तेव्हा दहा पंचवीस झाले होते आणि रस्ता होता पस्तीस मिनिटांचा, तोही पूल मोकळा असला तर.

पूल मोकळा नव्हता. पुलाच्या तोंडाशी सिग्नलवर लाल आकडे नव्वदपासून उलटे सरकत होते आणि पुढे कुणाचा तरी टेम्पो बंद पडला होता. मागे बायको फोन कानाला लावून बसलेली. रिंग त्यालाही ऐकू येत होती. आकडे संपले, गाड्या दोन हात सरकल्या, पुन्हा नव्वद. घड्याळात अकराला दहा कमी. तो मनाशी हिशेब करत होता, की फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, कुठून पत्र्याला लागली असेल, किती लागली असेल, ओल्या हाताने बटण धरलं तर. मग त्याने हिशेब सोडला, कारण प्रत्येक हिशेबाच्या शेवटी तेच घमेलं येत होतं.

"तू विसरलास कसा रे?" मागून आवाज आला.

लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती. तिने त्याला अरेतुरे केलेलं त्याने यापूर्वी एकदाच ऐकलं होतं, प्रसूतीच्या वेळी.  टेम्पोच्या कडेने, लोकांच्या शिव्या खात, त्याने स्कूटर फुटपाथवर घातली.

इमारतीखाली ते पोचले तेव्हा अकरा वाजून आठ मिनिटं झाली होती. लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती. तो जिन्याने धावला, मागोमाग बायको. दुसऱ्या मजल्यापासून सासऱ्यांची गाणी ऐकू यायला लागत. आज काही ऐकू आलं नाही. तो तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या दारापाशी थांबला आणि सवयीने त्याची मान तिरकी झाली. गाणं नाही, घूं नाही, काही नाही. उभं आयुष्य ज्या शांततेच्या मागे घालवलं ती समोर उभी राहिली.

बायकोच्या हातातली किल्ली कुलपात बसेना. त्याने ती काढून घेतली. दार उघडण्याआधी तिचं मनगट धरून तो दबक्या आवाजात म्हणाला, "त्यांना हात लावायचा नाही. काहीही दिसलं तरी. आधी मेन."

मेन स्विच दारामागेच होता. त्याने आत बघितलंच नाही. भिंत चाचपली आणि खटका खाली ओढला.

"पंखा कुणी घालवला?" आतून आवाज आला.

म्हातारबुवा खुर्चीत बसले होते. पाय घमेल्यात, नाकावर चष्मा, हातात वर्तमानपत्र आणि त्यावर चुका काढायची तांबडी पेन्सिल. स्टुलावर डबा होता. त्याची पिन भिंतीतून उपसून, वायर गुंडाळून डब्यावर ठेवलेली. बटणाखाली एक कागदाची चिठ्ठी अडकवली होती. घूंकरने ती वाचली. सुबक, उभ्या अक्षरात लिहिलं होतं: येथे काही सुटले आहे काय? कर्त्याने पाहावे. आणि पुढे गोलात प्रश्नचिन्ह.

बायको आधी रडली आणि मग तिने दोघांनाही झोडपायला घेतलं. वडिलांकडून हळूहळू सगळं निघालं. परवा ओल्या हाताने आवाज वाढवायला गेले, तर बोटं बटणाला चिकटली. खांद्यापर्यंत सगळा हात दगड झाला. खुर्ची मागे कलंडली म्हणून सुटले. घमेलं उपडं झालं, ढोपर खरचटलं. मग त्यांनी आधी लाकडी पट्टीने भिंतीवरचा खटका पाडला, पिन काढली आणि ही चिठ्ठी लिहिली. काल लेकीला मुंग्यांचं सांगितलं ते मुद्दाम, जावयाला कळतंय का बघायला. सरळ का नाही सांगितलंत, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, की चाळीस वर्षांत मी कुणाची चूक तिसऱ्याला सांगितली नाही, दुरुस्तही केली नाही. शंका लिहायची, कागद परत पाठवायचा आणि लिहिणाऱ्याची वाट बघायची. आणि फोन का उचलला नाहीत? आधी पूजा, मग पाय ओले.

"तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी आहात," ती म्हणाली आणि त्यांच्या ढोपराला लावायला औषध शोधायला गेली.

घूंकरने खिडकीच्या उजेडात डबा घेतला. चार स्क्रू काढले. सासरे घमेल्यातून पाय काढून, पंचा गुडघ्यांवर घेऊन शेजारी येऊन बसले. झाकण निघालं. आत हिरवी वायर मोकळी लोंबत होती आणि तिला लाल दोरा, व्यवस्थित दोन गाठी मारलेला. ट्रान्सफॉर्मरच्या पट्टीखाली फेजची वायर चिमटली गेली होती. वरचं प्लास्टिक फाटून आतलं तांबं उंदराच्या डोळ्यासारखं चमकत होतं. अर्थिंग जागेवर असती तर प्लास्टिक फाटलं त्याच क्षणी फ्यूज उडाला असता आणि काम भागलं असतं.

म्हातारबुवांनी पेन्सिलीच्या टोकाने दोरा उचलून पाहिला. मग त्यांनी प्रुफवाल्याचा तो प्रश्न विचारला, जो छापखान्यात चांगल्या चांगल्यांना घाम फोडत असे.

"जावईबापू, हे सुटलं, की सोडलं?"

स्कूटरवर बायकोला न दिलेलं उत्तर आता द्यावं लागणार होतं. विसरलो म्हणणं सोपं होतं, आणि थोडं खरंही होतं. पण झाकण लावताना दोऱ्याचं लाल टोक त्याला दिसलं होतं. उद्या बघू, असं तो मनात म्हणाला होता. आज एकदा बाबांना ही शांतता ऐकवू.

"सोडलं," तो म्हणाला. "तुमच्याकडून एकदा बरं म्हणवून घ्यायचं होतं."

 सासऱ्यांनी पिशवीतून पडलेला स्क्रूड्रायव्हर उचलून त्याच्या हातात दिला.

चिमटलेली वायर त्याने काढून टाकली, नवी घातली, तिच्यावर जाड नळी चढवली. हिरव्या वायरीचा दोरा सोडला, पत्र्याचा रंग खरवडला, दातेरी वायसर घालून नट मरेस्तोवर आवळला आणि वायर ओढून पाहिली. मग एकदा पुन्हा ओढून पाहिली. मेन चालू करून त्याने आपला सिरीजचा बल्ब काढला. डबा थेट विजेला न लावता या बल्बामधून लावायचा. आत घोटाळा असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो, नसेल तर क्षणभर पेटून मंदावतो. बायको औषधाची ट्यूब हातात धरून दारात थांबली. त्याने उजव्या हाताने खटका दाबला. डावा हात खिशात, झटका छातीतून जाऊ नये या लिफ्टवाल्याच्या सवयीने. बल्ब भक्कन पेटला. तिघंही त्याच्याकडे बघत होते. एक, दोन. आतली तार लाल झाली, मग तांबूस, मग विझल्यासारखी.

त्याने बल्ब काढून डबा सरळ जोडला. टेस्टरने पत्रा तपासला, आणि मग पालथा हात स्वतः त्यावर टेकवला. थंड, मुका पत्रा. सासऱ्यांनी हात पुढे केला, तर त्याने तो आधी पंच्याने कोरडा करायला लावला.

आणि स्पीकरमधून आलं ते. बारीक, कंटाळलेलं, एकसुरी घूं.

घूंकरची मान खाली गेली. तो म्हणाला, हे मी नीट मार्गाने काढतो, पुढच्या रविवारी घेऊन जातो. म्हातारबुवांनी चिठ्ठी ओढली. आपल्या प्रश्नावर एक तिरकी रेघ मारली. खाली लिहिलं, घूं. आणि त्या अक्षराखाली तांबड्या पेन्सिलने तीन टिंबं दिली.

बायकोने विचारलं, हे काय आता? घूंकरला माहीत होतं. सासऱ्यांनीच कधीतरी शिकवलं होतं. खाली टिंबं म्हणजे खोडू नका, आहे तसंच राहू द्या.

"चालू आहे एवढं तरी कळेल," म्हातारबुवा म्हणाले आणि पाय पुसायला लागले. "पाणी गार झालं. तेवढं दुसरं आण गं. आणि हे स्टूल, जावईबापू, त्या भिंतीशी न्या. आवाज वाढवायचा तर मी उठून जाईन."