दोन मापांचे बूट

ज्योत्स्ना नगराळे चालते तेव्हा तिचा डावा हात डाव्या गुडघ्याच्या वर असतो. हात दाबला की गुडघा ताठ राहतो, गुडघा ताठ राहिला की पाऊल पडतं. दोन वर्षांची असताना ताप आला आणि त्या पायातला जीव घेऊन गेला. उजव्यापेक्षा तो बारीक, आखूड आणि दोन मापांनी लहान पावलाचा राहिला.

सिंदीच्या शाळेत ती गणित शिकवते. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मधल्या सुट्टीत आठवीतला एक पोरगा व्हरांड्यात तिची चाल करून दाखवत होता. पोरं पोट धरून हसत होती. ज्योत्स्ना मागून आली, थांबली आणि म्हणाली, "तुझं चुकून राह्यलं. हात नुसता ठेवायचा नाई, दाबायचा. अन् खांदा कोण हलवीन? माझा खांदाही जाते न खाली." मग तिनं त्याला तीनदा नीट चालायला लावलं. त्यानंतर त्या शाळेत तिची नक्कल कोणी केली नाही.

हा स्वभाव लहानपणापासूनचा. नऊ वर्षांची असताना वर्ध्याला एका शिबिरात अपंगांना हातानं चालवायच्या तीनचाकी सायकली वाटत होते. तिचं नाव पुकारलं. पाहुण्यांनी हार घातला, फोटोवाला सरसावला आणि माईक तिच्या तोंडाशी आला. "आता तुले कुठंही जाता येईन, बेटा," पाहुणे म्हणाले. माईकमधून पोरीचा आवाज आला, "मी इथवर चालतच आली." आणि ती खाली उतरली. तिचे वडील लक्ष्मणराव रागावले नाहीत. एरवी लांब जायचं असलं की ते तिला खांद्यावर घेत. त्या दिवशी घेतलं नाही. स्टेशनपर्यंत तिला तिच्या चालीनं चालू दिलं आणि स्वतः तिच्या मागून आले.

चाळिशीत उजवा गुडघा बोलायला लागला. सगळा भार इतकी वर्षं त्यानंच ओढला होता. डॉक्टर म्हणाले, सायकल चालवा, जागेवरची. महिनाभर ती भिंतीकडे तोंड करून पायडल मारत बसली. भिंत काही सरकेना. मग एक दिवस नवऱ्याला म्हणाली, "हे मले नाई जमत. रस्त्यावरची आणून दे."

प्रफुल बाजार समितीत नोकरीला. शांत माणूस, पण बायकोचा 'नाई' त्याला चांगला कळतो. त्यानं वापरलेली, पण धड स्थितीतली वाकड्या हँडलची हलकी सायकल आणली. दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या रिकाम्या मैदानावर तो सीट धरून मागे पळायचा आणि ती पुढे ओरडायची, "सोड! सोड म्हणते न!" सुट्टी संपेपर्यंत त्यानं खरंच सोडलं.

तोल जमला, पण डावा पाय जमेना. आपण पायडलवर आहोत की हवेत, हे त्या पावलाला कळतच नव्हतं. खड्डा आला की ते घसरायचं आणि पायडलचे दाते नडगी सोलून काढायचे. तिनं जुन्या ट्यूबची पट्टी कापून पाऊल पायडलला बांधलं. दोन दिवस झकास गेले. तिसऱ्या दिवशी गावाबाहेर शेळ्यांचा कळप आडवा आला. तिनं ब्रेक दाबला आणि सायकलसकट डावीकडे आडवी झाली. गाठ सुटेना. प्रफुल मागून मोटरसायकलवर येईपर्यंत ती तशीच बांधलेली पडून होती आणि शेळ्या तिच्या अंगावरून वाट काढत होत्या.

घरी सासूनं, अनुसयाबाईनं, कोपर पाहिलं. "पाय बांधून कोणी गाडी चालवते का बाप्पा? आपण तर घरी आल्यावर बैलालेही जुवातून सोडतो."

"आई, बांधलं म्हणून नाई पडली मी," ज्योत्स्ना म्हणाली. "सोडता नाई आलं म्हणून पडली."

हे बोलता बोलता तिलाच अडचण नीट दिसली. बांधलेलं असावं, पण हवं तेव्हा सुटावं. शोधता शोधता तिला कळलं की अशी वस्तू आहे. बुटाच्या तळव्याला एक खुंटी, तिला क्लीट म्हणतात. ती पायडलच्या स्प्रिंगमध्ये खट्ट करून अडकते आणि टाच बाहेर फिरवली की सुटते. या पायडलांचं नाव क्लिपलेस. पूर्वी पायडलवर पंजा अडकवायला पिंजरा असायचा, त्याला क्लिप म्हणत. तो गेला म्हणून क्लिपलेस. "नावात क्लिप नाई अन् पाय तर अडकते," ती प्रफुलला म्हणाली. "गणितात असं लिहिलं असतं तर मी मार्क कापले असते."

शनिवारी दोघं नागपूरला मोठ्या सायकलच्या दुकानात गेले. दुकानदारानं आधी तिची चाल पाहिली आणि मग बोलणं प्रफुलशीच सुरू केलं. "सर, मॅडमसाठी तर प्लेन पायडलच बेस्ट. किंवा मग बॅटरीवाली घ्या. नो टेन्शन."

"पायडल माझं आहे," ज्योत्स्ना म्हणाली. "माझ्याशी बोला."

तो ओशाळला, पण माणूस वाईट नव्हता. त्यानं काचेवर बुटांचे दोन प्रकार मांडले. एक तीन बोल्टचा, म्हणजे क्लीट तीन बोल्टांनी बसवलेला. त्याची प्लास्टिकची रुंद क्लीट कडक तळव्याच्या खाली ठसठशीत बाहेर आलेली. "रोडवाले सगळे हेच घेतात. ताकद वाया जात नाही." दुसरा दोन बोल्टचा. त्याची लोखंडी क्लीट लहानशी, तळव्याच्या खाचेत लपलेली. "हा डोंगरातल्या सायकलवाल्यांचा. चालता येतं याच्यात."

तीन बोल्टचा बूट घालून ज्योत्स्ना उभी राहिली. फरशीवर बदकासारखी चार पावलं टाकली आणि काउंटर धरला. "यात तर तुम्हीही लंगडता," ती म्हणाली. "हा नको. मले सायकलवरून उतरून चालायचंही असते."

मग दोन बोल्टचा काढला. तिला सात नंबरचा उजवा आणि पाचचा डावा हवा होता. दुकानदार म्हणाला, जोडी फुटत नाही. सातचाच घ्या, डाव्याच्या पुढं कापूस भरा. आयुष्यभर तिनं तेच केलं होतं. सिंदीसारख्या कापसाच्या गावात बुटात भरायला कापूस कमी पडत नाही. पण इथं ते चालणार नव्हतं.

"क्लीट पंजाच्या गादीखाली आली पाहिजे न?"

"हो."

"मग कापूस भरून माझी गादी पुढं येईन का? पाऊल मागंच राहीन, क्लीट बोटांच्या पुढं जाईन. दोन जोड्या द्या."

"अन् उरलेले दोन बूट?"

"ठेवा इथंच. उजवा पाय वाळलेली माझ्यासारखी कोणी आली तर द्या. ती कापूस भरणार नाई."

खरी अडचण यापुढे होती. तिच्या डाव्या घोट्याला फिरणं ठाऊकच नव्हतं. टाच बाहेर फिरवायची कशी? दुकानदारानं सायकल स्टँडवर लावली, किल्लीनं स्प्रिंग शेवटपर्यंत ढिली केली आणि तिला बसवलं. पाय अडकला. खट्ट. सुटेना. ती घामाघूम झाली. प्रफुल पुढे झाला, तिनं मानेनंच त्याला थांबवलं. मग सवयीनं तिचा हात गुडघ्याच्या वर गेला. चालताना ती दाबायची, इथं तिनं मांडी धरून आत वळवली. मांडीबरोबर पाय फिरला, पायाबरोबर टाच बाहेर गेली. खट्ट. सुटला.

तिनं पुन्हा केलं. पुन्हा सुटला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, एक क्लीट अशीही येते, वर ओढलं तरी सुटते. जोरात चालवणारे घेत नाहीत, त्यांचा पाय भलत्या वेळी निघतो."

"माझा पाय तेवढं ओढतच नाई," ती म्हणाली. "द्या तीच."

आणि उजव्या पायाला? तिनं सरळ नकार दिला. एका अंगाला स्प्रिंग आणि दुसऱ्या अंगाला सपाट असलेली पायडलं मिळतात, तीच तिनं घेतली. डावा अडकलेला, उजवा मोकळा, कारण थांबताना जमिनीवर टेकणार तो उजवाच. डाव्या क्लीटखाली आखूड पायाच्या भरपाईसाठी पातळ प्लेटा एकावर एक घातल्या. ते दोन्ही बूट घालून ती दुकानात उभी राहिली. समोरच्या आरशात तिचे दोन्ही खांदे एका रेषेत होते. तिनं आरशाकडे जरा वेळ पाहिलं, मग म्हणाली, "बिल करा."

त्यानंतर सकाळी शाळेआधी अंगणातल्या भिंतीला हात टेकून सराव. अडकव, सोड. अडकव, सोड. भिंत सुटली की गल्ली, गल्ली सुटली की शेताचा रस्ता. ती पडली, बरेचदा पडली, नेहमी डावीकडे. थांबताना अंग उजवीकडे झुकवायचं हे अंगवळणी पडायला थंडी अर्धी सरली. अनुसयाबाई कोपराला हळद लावताना तोंडानं काहीबाही बोलत राहायच्या, पण सकाळी सरावाआधी अंगणातले गोटे वेचून बाजूला टाकणाऱ्या त्याच होत्या.

फेब्रुवारीत गावातल्या सायकल मंडळाची मोठी फेरी होती. सिंदीहून जामच्या चौकातून समुद्रपूरला. मंडळ चालवायचा योगेंद्र, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असलेला, हौशी आणि बोलका. तो स्वतः घरी आला. चहा घेतला.

"मॅडम, तुमचं आमाले लय कौतुक आहे. या वर्षी हिरवा झेंडा तुमच्याच हातानं. मंग तुम्ही कारमधी बसून समुद्रपूरले येजा, तिथं सत्कार ठेवला आहे."

"अन् चालवायचं?"

योगेंद्र अडखळला. "हायवे आहे मॅडम. ट्रक आहेत. अन् तुमचा पाय अडकलेला. काही झालं तर मंडळावर येते."

"तुमचा नाई अडकत?"

"आमची गोष्ट वेगळी आहे न."

"काऊन वेगळी?" ज्योत्स्नानं विचारलं. आवाज चढला नव्हता. "योगेंद्रभाऊ, झेंडा दाखवायले दुसरं कोणी पाहा. मी फेरीत नाव टाकून राह्यली. नाई घेतलं तर त्याच दिवशी, त्याच रस्त्यानं एकटी निघीन. रस्ता काही मंडळाचा नाई."

योगेंद्रनं प्रफुलकडे पाहिलं. प्रफुल कपातला चहा ढवळत होता, साखर केव्हाच विरघळली होती. "माझ्याकडं काऊन पाहता?" तो म्हणाला. "मी सांगितलं तर ती थांबीन असं वाटते का तुमाले?"

शेवटी नाव घेतलं. मागून एक गाडी चालेल, असं योगेंद्र म्हणाला. "साऱ्याच्या मागं असीन तर चालीन," ती म्हणाली. "माझ्या एकटीच्या मागं नको."

फेरीच्या सकाळी सगळे तिच्या पुढे गेले. तिला ते ठाऊकच होतं. दोन्ही बाजूंना काढणीला आलेला हरभरा, मध्ये ती आणि तिचा श्वास. डावा पाय पहिल्यांदाच नुसता ओझं नव्हता. थोडं का होईना, दाबत होता. हायवेला ट्रकांची हवा अंगावर यायची, सायकल थरथरायची, पण पाऊल जागचं हललं नाही.

जामच्या चौकात गर्दी होती. मंडळाची मागची गाडी तिच्यात मागंच अडकली. चहाच्या टपऱ्या, संत्र्यांचे ढीग, नागपूर-चंद्रपूरच्या बसला हात दाखवणारी माणसं. एक ऑटो अचानक समोर वळला. तिनं ब्रेक दाबला आणि घाईत अंग डावीकडे गेलं. भर चौकात, ढिगाशेजारी, ती आडवी झाली.

माणसं धावली. "पाय अडकला, पाय अडकला!" एक जण तिचा बूट ओढायला लागला, दुसऱ्यानं बखोटीला धरलं. "अरे, अपंग बाई आहे! कोणं पाठवलं इले सायकलवर?"

"हात नका लावू!"

ती एवढ्या जोरात ओरडली की टपरीवरचा रेडिओ कोणीतरी बंद केला. माणसं मागे सरली. तिनं पडल्या पडल्या मांडी धरली आणि वळवली. खट्ट. उजव्या पायावर उठली, सायकल उभी केली, चेन बसवली. गुडघा फुटला होता. कोपरातून रक्त येत होतं. चौक पाहत होता.

"कोणं पाठवलं ते विचारलं न?" ती त्या माणसाकडे वळून म्हणाली. "मी माझ्या मनानं आली. अन् पडणं काय, तुम्हीही पडत असान. तुमचा हात कोणी असा धरते का?"

संत्रीवालीनं बाटलीतलं पाणी पुढे केलं. ते ज्योत्स्नानं घेतलं, कोपर धुतलं, उरलेलं प्यायली. मग डावा पाय अडकवला, उजव्यानं रेटा दिला आणि समुद्रपूरच्या वाटेला लागली.

ती पोचली तेव्हा मैदानावर मंडपाचं कापड गुंडाळत होते. बरेच जण जेवून झाडाखाली पसरले होते. योगेंद्र मात्र माईकजवळ उभा होता, हातात शाल आणि नारळ. तिला पाहून त्याचा चेहरा खरोखर उजळला. "मंडळी, जिद्दीले सलाम! आपल्या दिव्यांग भगिनी..."

"योगेंद्रभाऊ," तिनं सायकलवरूनच विचारलं, "बाकीच्याइले शाल दिली?"

"नाई. त्याइले मेडल."

"मंग मलेही मेडल द्या."

माईक चालू होता. झाडाखालची मंडळी उठून बसली. योगेंद्रनं शालीकडे पाहिलं, तिच्या सोललेल्या कोपराकडे पाहिलं, नारळ टेबलावर ठेवला आणि खोक्यातून एक मेडल काढलं. गळ्यात घालताना म्हणाला, "शेवटचं आहे मॅडम."

"शेवटी आली, तर शेवटचंच मिळीन न," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे हसली. तोही हसला. मग पंगतीला तिच्याशेजारी बसून त्यानं विचारलं की ती वर ओढली तरी सुटणारी क्लीट कुठं मिळते. त्याच्या बायकोलाही शिकायचं होतं, आणि ती पाय अडकवायला घाबरायची.

प्रफुल तिला न्यायला कार घेऊन आला होता. काही जण सायकलवर परत निघाले होते. तिच्या डाव्या मांडीचं पाणी झालं होतं, उजव्या गुडघ्यात ठणका होता. प्रफुल डिकीजवळ उभा राहिला, उघडू की नको अशा बेतानं.

"उघड," ती म्हणाली. "बसते मी. पण आईले सांगताना नीट सांगजो. दमली म्हणून बसली, लंगडी म्हणून नाई."

प्रफुलनं सायकल आत ठेवली. तिनं बूट काढले, दोन्ही पाय सीटवर घेतले आणि गाडी समुद्रपूरच्या बाहेर पडायच्या आत झोपी गेली.