अब्बांनी न ओळखलेली चादर

“दीदी, इसमें खोट बताओ आप.”

रेहानाने परत आलेली चादर माझ्या टेबलावर पसरली. भैरवगढची, लाकडी ठप्प्याने केलेली छपाई. सायीच्या रंगाच्या सुती कापडावर कत्थई, म्हणजे काथासारखी तपकिरी लाल वेल, कडेला काळी रेघ. मी चादर उलटसुलट करून पाहिली. खोट काही सापडली नाही.

“वापस क्यों आई?”

“लिखा है, रंग उड़ा हुआ है. पुराना माल चिपका दिया.”

फ्रीगंजच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाची कामं मी केव्हाच सोडली, आता विकायच्या वस्तूंचे फोटो काढते. आमचे हे त्याला ‘भांडीकुंडी खींचणं’ म्हणतात. म्हणू देत. या कामात माझा हात धरणारं कोणी नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.

रेहानाचे सासरे, सगळे त्यांना अब्बा म्हणतात, आयुष्यभर ठप्पे मारत आले. माल मात्र एका व्यापाऱ्याकडे जायचा आणि त्याच्याच नावाने विकला जायचा. रेहानाने हट्टाने घरच्या नावाचं ऑनलाइन दुकान काढलं. चादरी जाऊ लागल्या आणि तशाच परतही येऊ लागल्या. वेबसाइटने इशारा दिला, परतीचा माल कमी झाला नाही तर दुकान बंद. अब्बा म्हणाले, मग आपला व्यापारीच बरा. रेहानाचा जीव टांगणीला लागला होता.

मी तिच्या मोबाइलवर दुकानातला फोटो पाहिला आणि कपाळाला हात लावला. लाल रंग डोळ्यांत घुसत होता.

“सॅच्युरेशन किसने बढ़ाया?”

“मैंने. चटख नहीं करो तो कोई देखता ही नहीं, दीदी.”

सॅच्युरेशन म्हणजे रंगाचा जोर. थोडा वाढवला तर फोटो टवटवीत दिसतो. जास्त वाढवला की स्क्रीनची मर्यादा संपते आणि फिका लाल, गडद लाल, सगळे एकाच लाल गोळ्यात जमा होतात. वेलीच्या पानांतल्या शिरा अशाच गायब झाल्या होत्या. कॉन्ट्रास्ट म्हणजे उजळ आणि काळोख्या भागांतलं अंतर. तेही तिने ताणलं होतं, त्यामुळे सायीचा रंग पांढराफटक झाला होता. एक ठप्पा संपून दुसरा लागतो तिथला सांधा पुसला गेला होता. गिऱ्हाइकाने लालभडक चादर मागवली आणि घरी आली कत्थई. तो चिडणारच.

“कपड़ा सच्चा है, रेहाना. फोटो झूठा है.” गोड बोलणं मला जमत नाही.

मी चादर खिडकीपाशी टांगली. ट्यूबलाइट बंद केली, ती रंगात हिरवट झाक मिसळते. चादरीशेजारी एक राखाडी पुठ्ठा धरून पहिला फोटो काढला. त्या पुठ्ठ्यावरून कॉम्प्युटरला कळतं की खरा राखाडी कुठला, मग बाकीचे रंग आपोआप जागेवर येतात. रंग बरोबर आले, पण फोटो मेलेला दिसत होता. तेव्हा चादर थोडी वळवली, उजेड बाजूने घेतला. सुतांचा पोत उठून आला. जो कॉन्ट्रास्ट रेहाना बोट सरकवून आणत होती, तो मी खिडकीतून आणला. मोबाइलच्या स्क्रीनवर लाल जास्तच भडकतो, म्हणून शेवटी त्याचा जोर जरासा उतरवला आणि फोटो माझ्या साध्या मोबाइलवर तपासला, कारण गिऱ्हाईक तिथेच बघणार.

मी खूश होते. अब्बा नव्हते. सुनेबरोबर ते स्टुडिओत आले, फोटो पाहिला आणि मान हलवली.

“मैडम, ये तो फीका है. हमारी छपाई का जोर कहाँ गया?”

मी वाद घातला नाही. रेहानाचा जुना फोटो मोठ्या स्क्रीनवर लावला आणि विचारलं, “अब्बा, ये किसकी छपाई है?”

त्यांनी चष्मा पुसला, जवळ येऊन पाहिलं.

“हमारी तो नहीं. मशीन की होगी. इसमें जोड़ कहाँ है?”

रेहाना खाली बघत म्हणाली, “अब्बा, अपनी ही है. जो वापस आई, वही चादर.”

मी माझा फोटो लावला. त्यांचं बोट वेलीवरून हळूहळू फिरत गेलं आणि सांध्यावर थांबलं.

“ये मेरा हाथ है,” ते म्हणाले. “यही लगाओ.”

इतकी वर्षं फोटो काढते आहे, पण असं प्रमाणपत्र कोणी दिलं नव्हतं.

घरी आमचे हे म्हणाले, “अगं, तू फोटो फीका करून देतेस. ग्राहक लोक घेतील का?”

“बघत राहा,” मी म्हटलं.

सुरुवातीला विक्री खरंच मंदावली. पण गेलेला माल परत येईनासा झाला. इशारा मागे घेतला गेला, हळूहळू मागणीही वाढली. दुकान आजही घरच्याच नावाने चालू आहे आणि व्यापाऱ्याचा विषय घरात निघत नाही.

परवा रेहानाने एका गिऱ्हाइकाचा अभिप्राय पाठवला: ‘चादर फोटो से भी अच्छी निकली.’ फोटोग्राफरला एरवी हे कोणी ऐकवलं तर भांडण होईल. मी त्याची प्रिंट काढून स्टुडिओत काउंटरमागे लावली आहे.