राजूरच्या मैदानावर माघारी

आम्हा बेलापूरकरांना मॅच बघता येत नाही, फक्त ओरडता येतं. गावाचा कबड्डीचा संघ परगावी निघाला की मागोमाग आमचा टेम्पो निघालाच. पुढं ड्रायव्हरशेजारी माझा भाऊ, मागं ताडपत्रीवर बाकी सगळे, आणि बायकांत मी एकटीच. माझी पिठाची गिरणी आहे. चक्कीच्या घरघरीत गिऱ्हाइकांशी बोलून बोलून माझा आवाज असा झालाय की कार्यक्रमात कुणी माझ्या हातात माईक देत नाही. भावाचा आवाज माझ्याहून मोठा, आणि त्याची गिरणीबिरणी काही नाही, उपजतच.

अशा घरातली पोरगी, म्हणजे भावाची लेक, माझी भाची, कॉलेजात गेली आणि चांगली कबड्डी सोडून रग्बी खेळायला लागली. काय म्हणावं आता! "बॉलसुद्धा धड गोल न्हाई," एवढंच भाऊ महिनाभर बोलत होता. पण पोरगी झपाटलेली. जेवायलासुद्धा बॉल मांडीवर घेऊन बसायची.

राजूरला तिची मॅच ठरली. नगरहून एक सर जिल्ह्याच्या संघासाठी पोरी निवडायला येणार होते. तिचं सगळं लक्ष त्या निवडीवर. टेम्पो ठरला म्हटल्यावर तिनं आम्हाला समोर बसवून समजावलं.

"आप्पा, नीट ऐका. बॉल घेऊन समोरच्यांची शेवटची रेघ ओलांडायची आणि बॉल जमिनीला टेकवायचा. टेकवला तरच गुण. कळलं?"

"कळलं की."

"आत्या, तुला?"

"मला काय इचारतीस? मी काय अडाणी हाय का?"

टेम्पो संगमनेरला वडापावसाठी थांबला, अकोले गावात चहासाठी थांबला. घाटात एकाला उलटी झाली म्हणून थांबला, आणि ती बघून दुसऱ्याला झाली म्हणून पुन्हा थांबला. राजूरला पोचलो तर मैदानाच्या दोन्ही टोकांना नुसते उंच बांबू रोवलेले. "मांडव अर्धाच का ठेवला?" भावानं विचारलं. भाचीची टीम आमच्याकडं बघून हसायला लागली. भाचीनं मात्र मान फिरवली.

मॅच सुरू झाली. राजूरच्या पोरी डोंगरातल्या, पायात वारं भरलेलं. आमच्या पोरी मागं पडल्या होत्या. शेवटी शेवटी भाचीच्या हातात बॉल आला आणि ती जी सुटली! एकीला चकवलं, दुसरी पायाशी पडली, तिसरीच्या हातात नुसती हवा. मैदानाकडेला अंथरलेल्या ताडपत्रीसकट आम्ही उभे. पोरीनं शेवटची रेघ ओलांडली. आसपास कुणी नाही. नुसतं खाली वाकायचं होतं.

आणि नेमकी तेव्हा माझ्या भावाच्या पोटातली कबड्डी वर आली.

"माघारी! माघारी फिर! रेघ घे!"

कबड्डीत समोरच्यांच्यात घुसायचं आणि मधली रेघ गाठून माघारी यायचं, नाहीतर गेलेलं सगळं फुकट. उभी हयात आम्ही हेच ओरडत आलो. भावानं सुरू केल्यावर अख्खा टेम्पो ओरडला. मी गप्प बसेन व्हय? माझं "माघारी" तर पार बाजारतळापर्यंत गेलं असेल.

पोरगी गर्रकन फिरली. बॉल काखेत घेऊन पुन्हा त्याच सगळ्या पोरींमधून वाट काढत मधल्या रेघेपर्यंत आली, रेघेवर पाय ठेवला आणि हात वर केला.

शिट्टीवाल्या सरांची शिट्टी तोंडातून गळाली. पोरीनं हळूच काखेतल्या बॉलकडं बघितलं आणि "आई गं" म्हणाली. तेवढ्यात राजूरच्या पोरी तिच्या अंगावर पडल्या, बॉल गेला, मॅचही गेली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाची मैदानात फतकल मारून बसलेली, गुडघ्यात तोंड. नगरचे सर आमच्याकडं आले.

"माघारी कोण ओरडलं?"

अख्ख्या टेम्पोनं भावाकडं बोट केलं. दगाबाज मेले! मीही केलं.

"त्या पोरीला घेतोय मी," सर म्हणाले. "सगळ्यांना चुकवून जाणाऱ्या पुष्कळ बघितल्या. तशीच परत येणारी पहिलीच. टेकवायचं शिकवू आम्ही."

भाऊ तिच्याकडं गेला, मागून मी. चिखलात तिच्यासमोर उकिडवा बसला आणि लहान पोरासारखा म्हणाला, "घेतलं तुला. जिल्ह्याच्या मॅचला मी येऊ का नको?"

पोरीनं नाक पुसलं. "तुमचा आवाज आला की पाय आपसूक फिरत्यात, आप्पा. मी काय करू?"

"म्हणून तर इचारतोय."

तिनं समोरच्या बांबूंकडं बघितलं.

"या की. फक्त तिकडं, त्या रेघेच्या पलीकडं उभं राहा. तिथनं बोलवा. मी येते."