बिरप्पाची कातर आणि परदेशी मेंढरू

बिरप्पाचं डोकं सकाळपासूनच फिरलेलं होतं. लोकांच्या घरांतून सोडवून आणलेले परदेशी प्राणी ठेवलेलं एक ठिकाण शहराबाहेर निघालं होतं आणि नातीने, प्रियदर्शनीने, ते बघायचा हट्टच धरला होता. जन्मभर सांगोल्याच्या माळावर मेंढरं राखलेल्या माणसाने तिकीट काढून जनावरं बघायची! पण गेल्या वर्षी मेंढरं विकून लेकाने त्याला सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यामागच्या खोलीत आणलं होतं, आणि बसून बसून म्हातारा इतका चिडका झाला होता की सुनेने कोपरापासून हात जोडले, "मामा, जावा की एकदा!"

तिथे पोपटाला कूलर होता. घोरपडीच्या कुठल्याशा परदेशी भावकीला पपई चिरून ठेवली होती. बिरप्पा दर पिंजऱ्यापुढे कपाळाला हात लावत होता.

लामाच्या कुंपणापाशी मात्र त्याचे पाय थांबले. कुणा हौशी श्रीमंताने पाळलेलं आणि मग नकोसं झालेलं ते उंच मानेचं, उंटाच्या भावकीतलं जनावर. एप्रिलचं ऊन, अंगावर वीतभर लोकर. तोंड उघडं टाकून बसलं होतं आणि पुढ्यातला चारा तसाच होता.

"आरं, मरंल की हे! कातरा त्येला."

"आजोबा, पुण्याचे डॉक्टर पुढच्या आठवड्यात येतील," राखणदार अनिलकुमार म्हणाला. "भूल द्यावी लागते."

"पुडच्या आटवड्यात? माती द्यायला येनार व्हय?"

रात्रभर बिरप्पाला झोप नाही. सकाळी त्याने ट्रंकेतली कातर काढली, दगडावर पाजवली आणि चरफडत पुन्हा तिकीट काढून एकटाच आत गेला. जनावर आता मानही उचलत नव्हतं. अनिलकुमारने घाबरून डॉक्टरांना फोनवरच सगळं दाखवलं. ते म्हणाले, "करू द्या त्यांना."

बिरप्पाने लामाची मान काखेत धरली. ते त्याच्या पटक्यावर पचकन थुंकलं. "थुक बाबा, तुजंच काम करतुया," म्हणत त्याने पाठीपासून पोटापर्यंत सगळी लोकर उतरवली. तासाभराने ते उठलं आणि बादलीभर पाणी प्यालं.

मेंढरं कातरून झाली की धनगर घोंगडं खांद्यावर टाकतो, जीभ वाजवतो आणि चालू लागतो. कळप मागून येतोच. बिरप्पाने तेच केलं. कुंपणाच्या फाटकाला कडी लावायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही; चाळीस वर्षांत त्याने आपल्यामागे कधी कडी लावली नव्हती.

"आजोबा, फाटक! मागं बघा, मागं!" तिकिटाच्या खिडकीपाशी अनिलकुमार ओरडत आला.

बिरप्पाच्या पाठीशी पावलं वाजत होती. वर्षभर ज्या आवाजावाचून त्याचा जीव कासावीस झाला होता, तो आवाज.

"मागं बगून कुनी मेंढरं चालवतं व्हय रं?" तो खेकसला, आणि आणखी दहा पावलं तसाच चालला.

मग तो वळला, आणि लामाला परत फाटकाकडे नेताना आवारातल्या कडुलिंबांच्या पलीकडून लांबचा वळसा घेतला.