कापसात उबवलेला प्लाझमिड

सांगू की नको, असं मनात चाललंय. पण चहा तुम्ही पाजताय, तेव्हा ऐका. माझ्याइतका शिकलेला गाढव तुम्ही पाहिला नसेल!

त्या वर्षांत कापसाला भावच नव्हता. उद्या वाढेल, परवा वाढेल म्हणून जो तो कापूस घरातच भरून ठेवी. यवतमाळातल्या आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतले परिचर गुलाबराव, त्यांच्या बैठकीच्या खोलीतही थेट आढ्यापर्यंत कापूस! मी तिथं जीवाणूशास्त्र शिकवायचो. नोकरी नवी, म्हणून अक्कल जास्त.

मला एक प्रयोग करायचा होता. जीवाणूच्या पोटात प्लाझमिड नावाचं डीएनएचं छोटंसं कडं असतं. हा जीवाणू जवळच्या जातीच्या जीवाणूला चिकटतो आणि त्या कड्याची नक्कल देऊन मोकळा होतो. औषधानं न मरण्याची विद्या त्यात असली, तर तीही भावकीत जाते. दोन जाती एका काचेच्या बशीत ठेवायच्या आणि रात्रभर ऊब द्यायची, बस्स.

पण ऊब आणायची कुठून? लोडशेडिंग! ऊब देणारं आमचं कपाट थंडगार पडलेलं.

"सर, आमच्या कापसात ठेवा ना," गुलाबराव म्हणाले. "गरम पान्याची बाटली खुपसली का सकाळलोक गरमच रायते."

मी संध्याकाळी बशा घेऊन हजर. थर्मामीटर धरून दोन तास कापसात कमरेपर्यंत रुतून बसलो, आणि गुलाबरावांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, शास्त्र समजावलं.

"म्हंजे माह्या लोनच्याची कृती म्या जावेले लिहून देल्ली, तसंच ना? माही माह्यापाशी रायली, अन् तिलेबी भेटली!"

"अगदी तसंच, काकू!" त्यावर त्यांनी मला गरम भाकर वाढली.

सकाळी घरी उठतो तो काय? मान, पाठ, दंड, सगळीकडे लाल पुरळ आणि खाज! तसाच गुलाबरावांकडे धावलो. काकू कोपर खाजवत होत्या, गुलाबराव चौकटीला पाठ घासत होते. मी आधी कापसातली बशी पाहिली. बशीचं झाकण सरकलेलं! माझ्या जीवाणूंनी आमच्या अंगावरच्या नातलगांना प्लाझमिड वाटला! आता कुठलं औषध लागू पडणार?

"काकू, कशाला हात लावू नका!"

"अवो सर, हे तं दरवर्सी…"

"बोलू नका! तोंडातूनसुद्धा पसरतात!"

"चूप राय वं," गुलाबराव बायकोला म्हणाले. "सर म्हनून राह्यले तं असनच काही!" तोवर मजेत खाजवणारा तो माणूस एकदम पांढराफटक पडला.

मी बशा काकूंच्याच गंजात, म्हणजे पातेल्यात, उकळल्या. प्रयोग संपला! मग दोघांना ऑटोत कोंबलं. ज्या बाईनं काल भाकर वाढली, तिला मी हे दिलं? मला खरंच रडू आलं. वाटेत कॉलेजच्या फाटकावर शिपायाच्या हाती प्राचार्यांसाठी चिठ्ठी दिली : 'कापसात उबवलेले खाजेचे असाध्य जंतू माझ्या हातून एका कुटुंबाला लागले. मी राजीनामा देत आहे.'

डॉक्टरांपुढे मी पाव तास व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि ते काकूंकडे वळले.

"कापूस भरला काय घरात?"

"हो नं. बैठकीत."

"सर बसले होते त्याच्यावर?"

"बसले? दोन घंटे रुतून होते!"

"कापसातले बारीक किडे चावले. अर्धा जिल्हा खाजवून राह्यला, सर! आंघोळ करा अन् मलम लावा."

"म्या सकाळपासून तेच सांगून राह्यली," काकू म्हणाल्या, "पन सर बोलू देतीन तवा ना!"

आता मला आठवली ती चिठ्ठी! मलमाची डबी खिशात टाकून कॉलेजात पळालो. प्राचार्य सहा महिन्यांपूर्वीच कोल्हापूरहून आलेले. त्यांनी चिठ्ठी वाचून वर लाल शाईनं शेराही मारला होता : 'नामंजूर. कापसाची खाज आहे. सर या भागात नवीन दिसतात.'

"होतं असं," ते मायेनं म्हणाले. "पहिल्या महिन्यात मलाही झालं होतं. तुमचं मूळ गाव कोणतं हो?"

काय सांगणार? जन्म यवतमाळचा, शाळा यवतमाळची, सासुरवाडी जवळच्याच राळेगावची!

मी पाठ खाजवत म्हणालो, "पुणे, सर."