डोकं हलू नये म्हणून

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्यांना सगळे कार्टूनकाका म्हणतात. आरशावरच्या टीव्हीवर दिवसभर जपानी ॲनिमेशन चालू. त्यांचे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून बघायची सवय लागली, ती सुटलीच नाही. गिऱ्हाईक बघून काका मालिका लावतात. कॉलेजच्या पोरांना फुटबॉलची, भांडून आलेल्या नवऱ्याला प्रेमाची, पेन्शनवाल्यांना गुप्तहेराची. भुताटकीची फक्त कात्री चालू असताना. वस्तरा हातात आला की भूत बंद. एक गिऱ्हाईक दचकलं होतं, त्याच्या कानामागे खूण आहे अजून.

मी मोर्चे काढणारी बाई. एवढ्या मोठ्या माणसानं कार्टून बघत बसावं हे मला पटत नाही, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

पण माझ्या भाचीचं दुसऱ्या दिवशी डोक्याचं ऑपरेशन होतं. डोकं सफाचट हवं, ओरखडा दिसला तर तारीख पुढे, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि ही बया डोक्याला हात लावू देईना. नर्सला चावून आलेली. भावानं हात टेकले, तेव्हा मी तिला उचलली आणि सलून गाठलं.

"काका, पोरांचं काहीतरी लावा."

"पोरांचं म्हणजे कसलं, ताई? तुमचे मोर्चे तरी सगळे एकसारखे असतात का? पाण्याचा वेगळा, पगाराचा वेगळा."

त्यांनी यंत्रमानवांची लावली. पोरगी खुर्चीतच गुद्दे हाणायला लागली. काकांनी वस्तरा वर उचलला. मग जादूवाल्या मुलीची. तिचे लांब केस वाऱ्यावर उडाले आणि इकडे भोकाड सुरू.

माझं डोकं सटकलं. "आम्ही करमणुकीला आलो नाही."

"ताई, जरा दारात थांबा. तुम्ही खुर्ची धरून हलवताय."

दारातून बघते तर पडद्यावर एक म्हातारी परसात भाजी तोडत होती. नुसती तोडत होती. मग धुतली. मग चिरायला बसली. नुसतं रोजचं जगणं दाखवणाऱ्या मालिकांचाही एक प्रकार असतो म्हणे.

"यात काही घडतच नाही का?" मी हळूच विचारलं.

"तेच तर हवंय."

पोरगी टक लावून बसलेली. वस्तरा कपाळापासून मानेपर्यंत सावकाश फिरला. काकांनी ओल्या कापसानं डोकं पुसलं, बोटांनी चाचपलं. "बघा. कुठे काही नाही."

मी आत आले. बाकड्यावर बसले. पोरगी मात्र उठेना.

"आजीचं जेवण राहिलंय."

"मग बस की," काका म्हणाले आणि स्वतःही टेकले. म्हातारी एकेक घास चावून खात होती. मलाही कसली घाई नव्हती.